पत्ते मांडणाऱ्या शेतकरी मुली: कणव की सारवासारव?

चौकटराजा: रशियन चित्रकार वेनेत्सियानोवचं १८४२ सालचं चित्र: दोन शेतकरी मुली पत्त्यांवर भविष्य बघताहेत. चित्र गोड आहे आणि माझी तक्रार त्या गोडव्याबद्दलच आहे. रशियात भूदासपद्धत, म्हणजे शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे असण्याची रीत, १८६१ पर्यंत होती, भूदास मुलीला लग्नासाठी मालकाची परवानगी लागे. मग नवऱ्याचं पत्त्यांना विचारून काय उपयोग? ते वाड्यावर ठरणार. चित्रकार स्वतः त्वेर प्रांतातला जमीनदार, पण चित्रात वाड्याची सावलीसुद्धा नाही.

काजळी: वाडा नाही, कबूल. पण त्याआधी काय होतं? कारावाज्जो, ला तूर या जुन्या युरोपीय चित्रकारांकडे हात बघणारी जिप्सी बाई आणि समोर भरजरी कपड्यांतला पोरगा. ला तूरच्या चित्रात तर बायका त्याला सरळ लुटताहेत. म्हणजे गरीब तो भामटा, भविष्य फक्त पैसेवाल्याला. इथे विचारणारीही शेतकरी मुलगी, सांगणारीही. तिलाही आयुष्याकडून काही हवं असतं, हे मान्य करणं लहान गोष्ट नव्हती.

चौकटराजा: मान्य करायला काय जातंय! रशियन चित्रकार ब्रुलोवची १८३६ची ‘स्वेतलाना’ घ्या. झुकोव्स्कीच्या कवितेतली नायिका, आरसा-मेणबत्ती घेऊन भावी नवरा शोधतेय, डोक्यावर कोकोश्निक, म्हणजे रशियन बायकांचं पारंपरिक शिरोभूषण. दिवाणखान्यांना गावरान पोशाख हवा होता, गावकरी नको.

नुस्ताबघ्या: स्नेहसंमेलनात कुडमुड्या जोशी झालेल्या पोराला टाळ्या, खरा दारात आला की कडी. चालू द्या तुमचं.

काजळी: काय जातंय? वेनेत्सियानोव, ब्रुलोव, झुकोव्स्की, तिघेही एका भूदासाच्या सुटकेसाठी झटले. ब्रुलोवने झुकोव्स्कीचं चित्र काढलं, त्याची लॉटरी लावली, मालकाला अडीच हजार रूबल मोजले आणि १८३८ मध्ये तारास शेवचेंको मोकळा झाला. हाच पुढे युक्रेनचा महाकवी. मालकाशी बोलणी करायला वेनेत्सियानोवही गेला होता.

चौकटराजा: म्हणजे लॉटरीच ना! राजघराण्याने तिकिटं घेतली म्हणून एक सुटला. वेनेत्सियानोवचाच शिष्य ग्रिगोरी सोरोका, गुरूने खटपट करूनही मालकाने त्याला सोडलं नाही. आणि हे सगळं जवळून बघणारा माणूस काढतो काय, तर पत्ते खेळवणाऱ्या टवटवीत मुली.

काजळी: मग टवटवीत असणंही गुन्हा का? सारवासारव बघायचीच असेल तर स्कॉटिश चित्रकार विल्कीचं १८३७चं चित्र बघा. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावर गुलामगिरी चालू आहे आणि कृष्णवर्णीय बाई जोसेफिनला, म्हणजे नेपोलियनच्या होणाऱ्या बायकोला, तिचं उज्ज्वल भविष्य सांगतेय. त्या बाईचं पुढे काय, हा प्रश्न त्या चित्रात कुणालाच पडत नाही. वेनेत्सियानोवला निदान तो पडला होता.