रविवारी गल्ली झाडली तर कोणाचं बिघडलं?

पांझराकाठ:
परवा इथे एका भाऊंनी लिहिलं होतं, 'स्वच्छता मोहीम म्हणजे फोटोचं नाटक. घरपट्टी भरतो, मग नगरपालिकेचं काम आपण फुकट का करायचं?' दोन दिवस ते डोक्यातून जात नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाच्या झाडाखाली कित्येक वर्षांचा उकिरडा होता. मे महिन्यात तो उचलला. सकाळी सहाला सुरुवात केली, कारण नऊनंतर आपल्याकडच्या उन्हात फावडं हातात धरवत नाही. चौदा माणसं, चार फावडी, सहा घमेली. वर कॅरीबॅगा, मधे लग्नाच्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, तळाला काळा चिखल. एका पिशवीत कळण्याची भाकरी निघाली, गाठ तशीच, पिशवीचा कोपरा गाईने चावलेला. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. ते बघितल्यावर आमच्या आईने भाकरी पिशवीत बांधून टाकणं बंद केलं.

आणि खरं काम त्या रविवारी झालंच नाही. मुकादमाला शुक्रवारीच गाठून ट्रॉली ठरवली होती, म्हणून ढीग तिथेच पडून राहिला नाही. पुढचे तीन आठवडे आमच्यापैकी दोघं रोज सकाळी झाडाखाली उभे राहिले. पिशवी घेऊन येणाऱ्याला 'राम राम, घंटागाडी साडेसातला येते' एवढंच म्हणायचं. चौथ्या आठवड्यात कोणी आलं नाही. आता तिथे बाकडं आहे. याला नाटक म्हणायचं?

जिभाऊ:
ते मीच लिहिलं होतं. भाऊ, तुमनी मेहनत खरी शे, पन पुढचं ऐका. आमच्या कॉलनीत सलग दोन वर्षं आम्ही दर रविवारी झाडलं. मीही खराटा धरला होता. तिसऱ्या वर्षी झाडणारी माणसंच दुसऱ्या प्रभागात हलवली. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, 'तुमच्याकडे पोरं करतात ना.' आमची घरपट्टी कमी झाली नाही. आपण फुकट राबतो आणि ज्याने राबायचं तो मोकळा सुटतो. आते बोला.

निवृत्त मास्तर:
साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. त्यांनी घरपट्टीची पावती बघितली नाही. शासनाने 2000-01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान काढलं, ते बाबांच्याच नावाने. आपल्याच मातीत हे झालं आणि आपण फुकट-विकतचा हिशोब करतो, याचं वाईट वाटतं.

माहेरवाशीण:
तुम्ही सगळे रस्त्यावरच अडकलात. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा डेंग्यूने पाच दिवस दवाखान्यात होता, प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या होत्या. त्याच्या गल्लीत तेव्हा मोहीम जोरात होती. गटारीच्या कडेने पांढरी पावडर, सगळं चकाचक. डेंग्यूचा डास गटारीत होत नाही हो! तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. माझ्या बहिणीच्या मोरीतल्या निळ्या ड्रममध्ये मी बॅटरी मारली तर अळ्या वळवळत होत्या. मोहीम काढायची तर घराघरांतल्या ड्रमची काढा.

जिभाऊ:
ताई, पाणी आठव्या दिवशी येतं. ड्रम भरून ठेवू नये तर काय प्यावं? सांगणं सोपं आहे.

माहेरवाशीण:
भरू नका असं मी कुठे म्हटलं? नीट वाचत जा. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि तुमचं पाणी आठव्या दिवशी येतं, म्हणजे ड्रम त्याच्याच मुदतीत उभा असतो. नळ येण्याच्या सकाळी तळाला तांब्या-दोन तांबे उरतात, तेव्हा ते झाडाला ओता आणि ड्रम आतून घासून काढा. नुसता विसळून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेघेला कडेने चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. मग जुनं धोतर तोंडावर ताणून सुतळीने बांधा. हौद उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडा.

पांझराकाठ:
ताई, मुद्दा खरा, पण विषय उकिरड्याचा आहे.

माहेरवाशीण:
विषय उकिरड्याचा ठेवलात म्हणूनच पोरगं सलाईनवर होतं! फुटक्या कुंड्या, टायर, करवंट्या तुमच्या त्याच ढिगात असतात. त्यात पावसाचं पाणी साचलं की तिथेही तोच डास.

जिभाऊ:
आणि पाणी रोज आलं तर ड्रमच लागणार नाही. ते मागायला किती जण येता? खराटा घ्यायला चौदा, निवेदन द्यायला मी एकटा.

काळी माती:
बराच वेळ वाचतोय. माझे वडील एकतीस वर्षं सफाई कामगार होते. मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो, तुम्ही गुरुजींचा खराटा सांगितलात, 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून केलेलं उपोषण नाही सांगितलंत. खराटा हौसेने धरणं वेगळं आणि जातीने हातात येणं वेगळं. वडिलांच्या उजव्या तळव्याला सात टाके होते, कोणाच्या तरी घरच्या पिशवीत फुटलेला ग्लास होता. हातमोजे कधी मिळाले नाहीत.

ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा, हे 2016 च्या नियमांतच कचरा करणाऱ्या प्रत्येक घरावर टाकलं होतं. ते केलंत तर रविवारी आला नाहीत तरी चालेल.

निवृत्त मास्तर:
बोललात ते लागलं. उपोषण मला माहीत होतं, ते आधी सांगायला हवं होतं.

पांझराकाठ:
ढिगातली काच आम्ही पाटीत भरून तशीच ट्रॉलीत ओतली होती. पुढे ती कोणाच्या हाताला लागली असेल, हा विचार त्या दिवशी कोणाच्याच मनात आला नाही. पुढच्या रविवारी काच वेगळ्या गोणीत.

जिभाऊ:
मी झाडायला येणार नाही, ते नक्की. पण सफाईचा ठेका कितीचा, माणसं किती, त्यांना हातमोजे दिले का, हे माहितीच्या अधिकारात विचारणारा अर्ज लिहितोय. सह्या पाहिजेत. पांझराकाठ, तुमचे चौदा जण द्या.

पांझराकाठ:
तेरा. एक पोरगा पुण्याला गेला. सहाला या, बाकड्यावरच सह्या घेऊ.

काळी माती:
काच गोणीत नुसती टाकू नका, आधी वर्तमानपत्रात गुंडाळा आणि गोणीला लाल चिंधी बांधा. उचलणाऱ्याला लांबून कळलं पाहिजे.

माहेरवाशीण:
आणि ड्रम?