९०० जीबीच्या डेटाबेससाठी बॅकअप सॉफ्टवेअर घ्यायचंय, डेमोत नेमकं काय तपासावं?

मकरपुरा_सर्व्हररूम
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना आहे. ईआरपीचा (कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्डवर, ९०० जीबी. रोज रात्री ११ ला फुल बॅकअप १ गिगाबिट नेटवर्कवरून एनएएसवर (नेटवर्कवरची साठवण पेटी) जातो, २ वाजता व्हीएमचा, म्हणजे डेटाबेस ज्या आभासी मशीनवर चालतो त्या अख्ख्या मशीनचा, वेगळा बॅकअप होतो. मालकांची अट: फार तर १५ मिनिटांचं काम वाया जावं आणि ४ तासांत सगळं पुन्हा सुरू व्हावं. तीन कोटेशनं आलीत. तिन्ही ब्रोशरांत डीडुप्लिकेशन (तोच डेटा पुन्हा न साठवणं), रॅन्समवेअर संरक्षण, एका क्लिकवर रिस्टोअर आहेच. आमच्या कामाचं यातलं काय?

विश्वामित्री_काठ
आधी १५ मिनिटांचं बघू. फुल बॅकअप रात्री ११ चा आणि डिस्क संध्याकाळी ६ ला गेली, तर १९ तासांच्या नोंदी गेल्या. कितीही महाग सॉफ्टवेअर घेतलं तरी लॉग बॅकअपशिवाय, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदवहीची थोड्या थोड्या वेळाने प्रत घेतल्याशिवाय, हे सुटत नाही. डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा ते ठरवणारी सेटिंग) 'सिंपल' असेल तर ते 'फुल' करा आणि लगेच एक फुल बॅकअप घ्या. तोवर लॉगची साखळी सुरूच होत नाही. लॉग दर १० मिनिटांनी घ्या, कारण फाइल दुसऱ्या जागी पोचायलाही वेळ लागतो.

आता ४ तास. १ गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळतात, म्हणजे कॉम्प्रेशनशिवाय ९०० जीबी आणायलाच सव्वादोन-अडीच तास. कॉम्प्रेशन स्टँडर्ड आवृत्तीतही आहे, ते चालू करा. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: नव्या मशीनवर इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन (शून्यं न भरता फाइलची जागा लगेच घेण्याची सोय) नसेल तर सर्व्हर आधी ९०० जीबी शून्यांनी भरतो आणि रिस्टोअर बराच वेळ ० टक्क्यांवर उभा दिसतो. सर्व्हिस अकाउंटला 'परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स' हा हक्क द्या. लॉग फाइलला मात्र ही सवलत नाही. ती फुगून २०० जीबी झाली असेल तर तेवढी शून्यं लिहिली जाणारच, म्हणून तिचा आकार आधीच आवरून ठेवा.

वेळापत्रक: रविवारी फुल, रोज रात्री डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलं तेवढंच), मध्ये लॉग. मग कुठल्याही दिवशी एक फुल, शेवटचा डिफरन्शियल आणि १४४ च्या आत लॉग फाइल लागतात. डिफरन्शियल नसेल तर शनिवारी आठशेच्या वर लॉग एकामागून एक चढवावे लागतील. इंडेक्स रीबिल्ड (शोधसूच्या नव्याने बांधणं) रविवारच्या फुलच्या आधी उरकून घ्या. ते बुधवारी केलंत तर बदललेले सगळे एक्स्टेंट (डेटा फाइलचे छोटे तुकडे) डिफरन्शियलमध्ये येतात आणि तो जवळजवळ फुलएवढा होतो.

लॉग_साखळी
वरच्या वेळापत्रकाला तुमचा रात्री २ चा व्हीएम बॅकअप सुरुंग लावू शकतो. तो व्हीएसएसमधून (विंडोजची स्नॅपशॉट सेवा) डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतो आणि 'कॉपी ओन्ली' (बाकी बॅकअपच्या क्रमाला धक्का न लावणारी प्रत) नसेल तर डिफरन्शियलचा पाया त्या स्नॅपशॉटवर सरकतो. बॅकअप रोज हिरवे दिसतात, पण रविवारच्या फुलवर डिफरन्शियल चढवायला गेलात की एरर ३१३६. व्हीएमचं टूल लॉगही घेत असेल तर साखळी दोन ठिकाणी वाटली जाते आणि मधला दुवा हाताशी नसला की एरर ४३०५. एमएसडीबीमधला (एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःच्या नोंदींचा डेटाबेस) बॅकअपसेट तक्ता आजच बघा. टाइप 'डी' (फुल बॅकअप), इज स्नॅपशॉट १ आणि इज कॉपी ओन्ली ० अशा ओळी दिसल्या तर हाच घोळ आहे. लॉग एकाच टूलने घ्यायचे, यात तडजोड नको.

डेमोत विक्रेत्याकडून टेस्ट सर्व्हरवर दोन गोष्टी करून घ्या. पहिली: डेटाबेस ऑफलाइन करून एमडीएफ फाइलचं (मुख्य डेटा फाइल) नाव बदला, पुन्हा ऑनलाइन करा. आता तो उघडणार नाही, पण लॉग फाइल शाबूत आहे. अशा अवस्थेत 'नो ट्रंकेट' वापरून शेवटचा लॉग, म्हणजे टेल लॉग, सॉफ्टवेअर घेतं का? हाच लॉग शेवटची दहा मिनिटं वाचवतो. दुसरी: कुणी व्हेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) न लावता अपडेट मारलाय, म्हणजे तक्त्यातल्या सगळ्याच ओळी बदलल्यात, वेळ नक्की माहीत नाही. डेटाबेस वेगळ्या नावाने 'स्टँडबाय'मध्ये (फक्त वाचता येईल अशा अवस्थेत) रिस्टोअर करून, एकेक लॉग चढवत, मध्ये मध्ये तक्ता वाचून बघता येतो का? येत असेल तर बिघडलेला तक्ता तेवढाच परत आणता येतो, बाकीच्यांचं काम थांबत नाही.

कारेलीबाग_स्टोरेज
२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कसं शिरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सर्व्हर आणि एनएएस एकाच इमारतीत असतील तर त्या दोन प्रती धरूच नका. एक प्रत शहराबाहेर हवी, आणि ऑब्जेक्ट लॉकच्या (क्लाउड साठवणुकीतलं फाइलींचं कुलूप) कम्प्लायन्स मोडमध्ये, म्हणजे मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही पुसता येत नाही. बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर (कंपनीच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेबाहेर) ठेवा. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो आधी बॅकअपच पुसतो.

अपलोडचा हिशेब करा. कॉम्प्रेस होऊन ३०० जीबी उरले तरी ५० एमबीपीएसवर १३ तासांच्या वर लागतात. म्हणून फक्त बदललेले ब्लॉक पाठवणारं डीडुप्लिकेशन इथे खरंच कामाचं. पण एसक्यूएलमध्येच एन्क्रिप्ट केलेली फाइल त्याला दिलीत तर फायदा जवळजवळ शून्य, आणि कॉम्प्रेस केलेलीवरही फारच थोडा. म्हणून या बाहेरच्या प्रतीसाठी कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन बॅकअप सॉफ्टवेअरकडे सोपवा. टीडीई (डेटाबेसच्या फाइली डिस्कवरच एन्क्रिप्ट ठेवणारी सोय) चालू असेल तर सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की वेगळ्या जागी ठेवा, त्यांच्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर होतच नाही.

मकरपुरा_सर्व्हररूम
मनापासून आभार. बॅकअपसेट बघितला, रात्री २ च्या ओळींत स्नॅपशॉट १ आणि कॉपी ओन्ली ० आहे. एक शंका: रिस्टोअर व्हेरिफायओन्ली (रिस्टोअर न करता बॅकअप फाइल तपासणारी आज्ञा) रोज चालवतो, तेवढं पुरेल का?

लॉग_साखळी
नाही. बॅकअप 'चेकसम'सह (डेटा बिघडला का ते ओळखणारे पडताळणी आकडे) घेतला असेल तर व्हेरिफायओन्ली ते पडताळतं, पण डेटाबेसची आतली रचना तपासत नाही. आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करा, त्यावर डीबीसीसी चेकडीबी (आतली रचना तपासणारी आज्ञा) चालवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा वेळ टिपून ठेवा. सॉफ्टवेअर हे आपोआप करून निकाल मेलने पाठवत असेल तर त्या कोटेशनला झुकतं माप द्या. व्हीएमच्या जॉबमध्ये 'कॉपी ओन्ली' आज रात्री २ च्या आत लावा.