फ्रान्स : नॉर्मंडी-ब्रिटनी, घरगुती गेस्टहाउसमध्ये राहून १० रात्री, प्लॅन बघून सांगा प्लीज

अश्विनी_ठाणे :
नमस्कार मंडळी, जूनमध्ये मी, नवरा आणि सासू-सासरे असे चौघं फ्रान्सला जातोय. पॅरिसचे ३ दिवस ठरलेत, त्यापुढे १० रात्री गाडी भाड्याने घेऊन नॉर्मंडी आणि ब्रिटनी या प्रांतांत. हॉटेलं नकोत, तिथल्या माणसांच्या घरी राहायचंय, शांब्र दोत म्हणतात ना ते. रूएन, एत्रेता, ऑन्फ्लर, बायू (तिथला तो प्रसिद्ध भरतकामाचा पट बघायचाच आहे), मों सां मिशेल (समुद्रातल्या खडकावरचा मठ), दिनां, सां मालो, प्लूमानाक, सगळीकडे एकेक रात्र आणि शेवटच्या दोन रेनमध्ये. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही, बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का हे? आणि व्हिसाला अशी घरगुती बुकिंग चालतात का?

रानवारा :
अश्विनी, एकेक रात्र अजिबात करू नकोस गं, आम्ही सप्टेंबरात ८ दिवसांत ६ घरं बदलली आणि मला आठवतंय ते फक्त बॅगा भरणं. शांब्र दोत म्हणजे खरंच कुणाचं तरी राहतं घर असतं, कायद्याने जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे, रिसेप्शन वगैरे काही नाही, मालक-मालकीण स्वतः दार उघडतात. त्यामुळे येण्याची वेळ ठरलेली असते, बहुतेक संध्याकाळी ५ ते ७, आणि उशीर होणार असेल तर फोन करायचाच. आम्ही बायूजवळच्या एका खेड्यात रस्ता चुकून साडेनऊला पोचलो, फोन केला नव्हता, तर त्या काकू अंधारात गेटशी बॅटरी घेऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या तरी असतील. रागावल्या नाहीत, सूप गरम करून दिलं, पण मला अजून वाईट वाटतं त्याचं.

सकाळचा नाश्ता भाड्यातच असतो. आमच्या टेबलावर पाव, लोणी, घरच्या जॅमच्या चार बरण्या, प्रत्येकीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यातला हिरव्या प्लमचा जॅम मी पावाबरोबर संपवलाच जवळजवळ. पुढे ब्रिटनीतल्या घरी कॉफी कपात नाही तर दोन कान असलेल्या वाडग्यात दिली, आणि घरमालक आजोबा त्यात लोणी लावलेला पाव बुडवून खात होते, अगदी आमचे आबा चहात पाव बुडवायचे तसे. ह्या गोष्टी दुसऱ्या दिवशी कळतात, एका रात्रीत नाही. तीनच मुक्काम कर.

बाबांसाठी बुकिंग करताना खोली तळमजल्यावर आहे का ते लिहून विचार, तळमजल्याला ते रे-द-शोसे म्हणतात. जुन्या दगडी घरांत पाहुण्यांच्या खोल्या बहुतेक वर असतात आणि लाकडी जिना अरुंद असतो.

रेनवासी :
५ वर्षं इथे राहतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी बायूचं, तो पट असलेलं म्युझियम १ सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, २०२७ च्या ऑक्टोबरात उघडायचं ठरलंय, त्यामुळे त्याच्यासाठी रात्र ठेवू नका. पण मुक्कामाला बायू चांगलंच आहे, तिथून दुसऱ्या महायुद्धातला आरोमांशचा किनारा आणि कोलव्हिलची अमेरिकन सैनिकांची दफनभूमी दोन्ही जवळ, ९ हजारांहून जास्त पांढरे क्रॉस समुद्रावरच्या हिरवळीत रांगेत उभे आहेत, बाबांना तिथे निवांत बसू द्या.

पॅरिसमधून गाडी काढू नका, ट्रेनने नॉर्मंडीतल्या कां (Caen) शहरात या आणि तिथे घ्या. ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच बुक करा, इथे मॅन्युअलच जास्त. भारतातून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा. पॅरिस-नॉर्मंडी ए१३ महामार्गावर टोलनाके आता राहिलेले नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरावे लागतात, नाहीतर दंड. ब्रिटनीत टोलच नाही. गावात शिरलात की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बोर्ड नसला तरी, आपल्या सवयीला हे फार जड जातं.

जेवणाचं, दुपारी २ नंतर किचन बंद. रविवार-सोमवार बऱ्याच गावांत हॉटेलं बंदच. सासूबाईंसाठी गॅलेट आहे, कुट्टूच्या पिठाचं, आपल्या धिरड्यासारखं, चीज किंवा मशरूम घालून. मूळ पीठ म्हणजे कुट्टू, पाणी, मीठ एवढंच, पण काही जण अंडं घालतात म्हणून दर वेळी विचारा. गोड क्रेपमध्ये (मैद्याचं पातळ धिरडं) अंडं असतंच, ब्रिओश या मऊ पावातही. 'शाकाहारी' एवढंच सांगून चालत नाही, हॅम नको, मासे नको, अंडं नको असं एकेक सांगा, आणि घरमालकांना दोन दिवस आधी कळवलंत तर तेही काहीतरी करतात. दुकानात शिरताच बोंझूर म्हणा, त्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही.

व्हिसाला चालतं, प्रत्येक रात्रीचं कन्फर्मेशन नाव-पत्त्यासकट असलं की झालं.

दर्यावर्दी :
मी रत्नागिरीचा, त्यामुळे भरती-ओहोटी मला नवीन नाही असं वाटायचं, पण सां मालोला समुद्र असा ओसरतो की सकाळी लाटा आपटत होत्या तिथे दुपारी लोक चालत असतात, उधाणाला १२-१३ मीटरचा फरक! ओहोटीला ग्रां बे बेटावर चालत जाता येतं, शातोब्रियां या फ्रेंच लेखकाची समाधी आहे तिथे, पण परतायची वेळ आधी बघून ठेवा, पाणी भराभर चढतं. आमच्या घरमालकाने पहिल्याच संध्याकाळी भरतीचं छापील कोष्टक हातात दिलं आणि दोन वेळांवर पेनाने गोल केला. मों सां मिशेलच्या वाळूत मात्र गाइडशिवाय उतरू नका, रुततं माणूस. पार्किंगपासून अडीचेक किलोमीटर फुकट बस आहे, पण वर मठापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करा.

अश्विनी_ठाणे :
मनापासून आभार सगळ्यांचे. आता बायूजवळ ४ रात्री, सां मालो-दिनांच्या मध्ये ४, प्लूमानाकजवळ २, रेन रद्द. एत्रेता सोडून दिलं, नवरा जरा हिरमुसलाय. बाबा म्हणाले मी मठाखालच्या गल्लीत कॉफी पीत बसेन, तुम्ही जाऊन या. आज पहिल्या घराला मेल केला, तळमजल्याचं आणि अंड्याचं दोन्ही विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकते.