मदत हवी आहे: लग्नात वाटलेल्या छापील मंगलाष्टकांची सूची कशी करू?

चरईची_लेक

नमस्कार. ठाण्यातलं आमचं चरईतलं घर पुनर्विकासाला जातंय. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची आहे. माळा आवरताना थोरल्या आत्याची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वाटलं होतं जुनी लुगडी असतील. निघाले कागद. गुलाबी, पिवळे, पोपटी, पतंगाच्या कागदासारखे पातळ. लग्नामुंजीत वाटलेली मंगलाष्टकं, थोडी गणपतीच्या मेळ्याची (गणेशोत्सवात गाणाऱ्या पथकांची) पदं, दोनचार पोवाडे. काल रात्री बसून मोजले तर ४१२ भरले.

तरुण मंडळींनी हे पाहिलं नसेल म्हणून सांगते. लग्न ठरलं की घरातलं कुणीतरी, मावशी, काका, शेजारचे मास्तर, त्या जोडप्यासाठी मंगलाष्टकं रचायचं. सासरमाहेरची नावं त्यात गुंफायची, छापखान्यातून शंभर-दोनशे प्रती काढायच्या. मांडवात अक्षतांबरोबर हा कागद हातात यायचा. घरी येईपर्यंत बहुतेकांचा तो चुरगळायचा किंवा हरवायचा. आत्याने जपले.

मला याची नीट सूची करायची आहे. एक्सेलमध्ये बसले आणि तिसऱ्याच कागदाला अडले. पहिल्या ओळीवरून नोंद करावी म्हटलं, तर निम्म्यांची सुरुवात ‘स्वस्ति श्री गणनायकं’ अशीच. शीर्षक सगळ्यांचं ‘मंगलाष्टके’. रचनाकार म्हणून कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं ‘वधूची मावशी’, कुठे ‘एक आप्त’. तारीख शकात. मग एक कागद दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा कशावरून? आणि घड्यांवर फाटलेल्यांचं काय करू? भाऊ म्हणतोय लॅमिनेट करून टाक.

जुनी_पानं

ताई, लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने कागद प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो, पुढे कुणालाच तो सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. पाणी लावून घड्या काढू नका, या रंगीत कागदांचा रंग ओल लागताच पसरतो. कोरड्या दिवशी पंखा बंद करून घडी हळूच उघडा आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये आडवा ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या. नंतर आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, सपाट खोक्यात. बाजारातल्या स्वस्त प्लॅस्टिक फोल्डरमध्ये आपल्या पावसाळी दमटपणात शाई प्लॅस्टिकवर उतरते, माझे स्वतःचे काही कागद असेच गेलेत.

त्याआधी एक विचारते. ट्रंकेत कागद सुटे होते की गठ्ठ्यांत? गठ्ठे असतील तर सोडण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढा, कशाबरोबर काय बांधलं होतं ते लिहा. आत्यांनी लावलेला क्रम हीसुद्धा माहिती आहे, एकदा दोरा सुटला की ती गेली. क्रमांक मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने. पेन नाही, शिक्का तर नाहीच.

शके_अठराशे

तारखांचं सांगतो. शकात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन. फक्त वर्षाच्या शेवटी, म्हणजे जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत, ७९. शके १८७१ चा वैशाख १९४९ मध्ये येतो आणि त्याच शकाचा माघ १९५० मध्ये. माघ-फाल्गुनातली लग्नं पुष्कळ असतात, तिथे एका वर्षाची चूक हमखास होते. तारखेच्या रकान्यात तिथी छापली आहे तशीच उतरवा, इंग्रजी तारीख शेजारच्या रकान्यात.

तारीखच नसेल तर कागद खुणा देतो. पोवाडे आणि मेळ्याची पदं विकत मिळायची, त्यांच्यावर किंमत बघा. आण्यांत असेल तर साधारण १९५७ पूर्वीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४ मधला, जून १९६४ पासून ‘नवे’ गळलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार दिसले तर बहुधा १९६२ च्या नव्या नियमांआधीचा, पण यावर फार विसंबू नका. जुन्या वळणाचे लोक आणि छापखाने पुढे कित्येक वर्षं तसंच लिहीत राहिले.

तळाची मुद्रकाची ओळ सोडू नका. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण देणं बंधनकारक होतं, म्हणून ती ओळ सापडते. ठाण्यातले किती छोटे छापखाने आता फक्त या ओळींतच उरले असतील.

कडवंकडवं

चरईची_लेक, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. इंग्लंडमध्ये एका कागदावर छापून रस्त्यावर विकलेल्या गाण्यांची सूची करणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. तेच गाणं दहा छापखान्यांनी दहा शीर्षकांनी छापलेलं. लोकगीतांची सूची करणाऱ्या स्टीव्ह राउड यांनी त्यावर गाण्यालाच क्रमांक दिला. शीर्षक काहीही असो, शब्द थोडे इकडेतिकडे असोत, गाणं तेच तर क्रमांक तोच. तुम्हीही दोन क्रमांक ठेवा, एक कागदाचा, एक रचनेचा.

त्या कागदांवर गाणं कोणत्या चालीवर म्हणायचं ते छापलेलं असायचं. आपल्या मेळ्यांच्या पदांवर ‘चाल’ असते तसंच. तिचा वेगळा रकाना कराच, त्या काळी लोकांच्या कानात काय होतं ते त्यातून कळतं. मंगलाष्टकांना चालीच्या जागी वृत्त लिहा. बहुतेक शार्दूलविक्रीडित निघेल, ओळीला १९ अक्षरं. जिथे ते नाही तो कागद मुद्दाम वेगळा काढा.

पहिल्या ओळीसाठी उपाय असा: परंपरेचे श्लोक सोडून रचनाकाराची स्वतःची पहिली ओळ घ्या. ती बहुधा नावं येतात त्या कडव्यात सापडते. आणि शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत (१८०० ते १९३७) हे कागद शोधण्यात वेळ घालवू नका. ती ग्रंथांची सूची आहे.

चरईची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅमिनेशन रद्द. गठ्ठेच होते, अकरा, प्रत्येक लाल दोऱ्याने बांधलेला. फोटो काढले, मग सोडले.

दोन क्रमांकांचा उपयोग लगेच झाला. एकाच वैशाखातल्या तीन लग्नांच्या कागदांवर कडवी अक्षरशः तीच, फक्त नावं वेगळी. तिन्हींवर एकाच शब्दातला अनुस्वार अर्धा तुटलेला. म्हणजे छापखान्यातल्या जुळाऱ्याने अक्षरांचे खिळे तसेच ठेवून नावांपुरती जुळणी बदलली. कागद तीन, रचना एक!

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मागची बाजू बघायला लागले, तर काही कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ‘मी’ लिहिलंय. आत्याचं अक्षर आहे. आतापर्यंत २६ सापडले. पुढच्या बाजूला छापलंय ‘वधूची मैत्रीण’, ‘वराची वहिनी’, एका ठिकाणी ‘शेजारच्या काकू’. आत्या चौथी शिकलेली. ती रचत होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनासुद्धा. या २६ कागदांवर रचनाकार काय लिहू?

कडवंकडवं

ताई, वाचून गलबललं.

दोन रकाने करा. पहिल्यात छापलंय तसंच, ‘वधूची मैत्रीण’. दुसऱ्यात आत्यांचं पूर्ण नाव चौकटी कंसात, पुढे आधार लिहा: मागील बाजूस पेन्सिलीने ‘मी’, अक्षर ओळखीचं. आत्यांच्या हाताचं दुसरं काही, पत्र, हिशेबाची वही, असेल तर त्याचा फोटो सूचीसोबत ठेवा, म्हणजे अक्षर कुणालाही ताडून पाहता येईल. ‘मी’ नसलेले कागद केवळ शैली जुळते म्हणून त्यांच्या नावावर घालू नका, त्यांना प्रश्नचिन्ह द्या.

जुनी_पानं

दोन्ही बाजू स्कॅन करा, रंगीत, निदान ३०० डीपीआयवर. पेन्सिल फिकी असेल तर ६००. इंटरनेटवर टाकण्याआधी घरांचे पत्ते झाका, त्या जोडप्यांची मुलं-नातवंडं आज आहेत. मूळ कागद कुठे द्यायचे ते नंतर ठरवा, पण ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे जाऊन एकदा विचारा. द्याल तेव्हा सूचीसह आणि गठ्ठ्यांच्या क्रमासह द्या.

चरईची_लेक

हिशेबाची वही आहे, दुधाची. त्यात ‘मी’सुद्धा आहे: ‘मी दिले २ रु.’ म चा काना तसाच खाली ओढलेला.

अजून चार गठ्ठे बघायचे आहेत. नौपाडा, चरई, कोपरी, कळवा या भागात १९४५ ते १९६५ च्या सुमारास घरात लग्न झालं असेल आणि मंगलाष्टकांचा कागद कुणी जपला असेल, तर कृपया इथे सांगा. आत्याकडे प्रत्येकाची एकच प्रत आहे, त्यातल्या पाचांचा तळ कसरीने खाल्लाय आणि नेमकी रचनाकाराची ओळ गेली आहे.