बोन स्कॅनचं औषध "बाहेरून आलं नाही", म्हणजे नक्की कुठून?

कृष्णाकाठचा:
वडिलांचा बोन स्कॅन मिरजेत ठरलेला, पहाटेची एसटी धरून उपाशीपोटी पोचलो तर काउंटरवर म्हणे माल आला नाही, बाहेरनंच शॉर्टेज आहे, पुढच्या आठवड्यात फोन करा. आणि शेजारच्या काकूंचं थायरॉइडचं आयोडीन मात्र त्याच आठवड्यात मुंबईहून आलं की! मग हे का नाही बनत आपल्याकडं? आणि बाहेरचंच असेल तर चार डबे जास्तीचे आणून ठेवायला काय होतं?

शिसेवाला:
डबे ठेवता येत नाहीत हेच दुखणं आहे ना भाऊ. मी टेक्निशियन आहे, दुसरीकडं. स्कॅनला टेक्नेशियम-९९एम लागतं, ते किरणोत्सारी, आपोआप ६ तासांत निम्मं. म्हणून आमच्याकडं जनरेटर येतो, विजेचा नव्हे, शिशात गुंडाळलेला डबा, आत मॉलिब्डेनम-९९, त्याचंच हळूहळू टेक्नेशियम होतं, त्यातनं सकाळी सलाइन सोडून टेक्नेशियम काढायचं, आम्ही त्याला गाय दोहणंच म्हणतो. पण ही गाय ६६ तासांत निम्मी आटते, शुक्रवारी संध्याकाळी ६ ला भरली तर सोमवारी दुपारी १२ ला अर्धी, मग ती कस्टममध्ये पडून असू दे नाहीतर सांगलीत. आयोडीन-१३१ ला निम्मं व्हायला ८ दिवस लागतात, आणि ते ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअॅक्टरमध्ये, म्हणजे अणुभट्टीत, होतं, वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेतून मिळतं.

द्राक्षबाग_तासगाव:
मॉलिब्डेनम जगभर मोजक्याच रिअॅक्टरांतून येतं, नेदरलँड्सचा पेटन आणि बेल्जियमचा बीआर-२ दोन्ही १९६१ चे. ऑक्टोबर २०२४ ला पेटनमध्ये एक पाइप वाकडा निघाला, रिअॅक्टर वेळेवर सुरू झाला नाही, तर जगभर स्कॅन लांबले. आपला ट्रॉम्बेचा दुसरा रिअॅक्टर सायरस २०१० संपताना बंद झाला, भार ध्रुववर. २०२० ला खास मेडिकल आयसोटोपसाठी, म्हणजे असल्याच किरणोत्सारी औषधांसाठी, पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारीतला) रिअॅक्टर जाहीर झाला, नुसता जाहीर.

अजिंक्यतारा:
मग सरळ पेट स्कॅन करा की, त्याचं औषध सायक्लोट्रॉनवर, म्हणजे कण वेगानं आदळवणाऱ्या यंत्रावर, होतं, रिअॅक्टरची भानगडच नको.

शिसेवाला:
पेटच्या औषधातलं फ्लोरीन-१८ तर ११० मिनिटांत निम्मं हो. पुण्याहून गाडी निघाली तर तुमच्या साताऱ्यात येईतो निम्मं, सांगलीत पाव. आणि बिल बघितलंय का पेटचं?
@कृष्णाकाठचा, फोनवर एवढंच विचारा, जनरेटर कुठल्या वारी येतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ मागा, आठवड्याच्या शेवटी पेशंट कमी घेतात.

कृष्णाकाठचा:
विचारलं, मंगळवारी येतो म्हणाले. बुधवारची वेळ घेतलीय, एसटी तीच.