मदत हवी आहे: एम.डी. मेडिसिन करून न्यूरो-आयसीयूचं प्रशिक्षण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

नागपुरात धंतोलीच्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करतो. एम.डी. मेडिसिन, नंतर आयडीसीसीएम (क्रिटिकल केअरचा डिप्लोमा). आमच्याकडे निम्मे बेड मेंदूच्या पेशंटचेच असतात. हायवेवरच्या हेड इंज्युरी, स्ट्रोक, फुटलेले अॅन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेले फुगे). छिंदवाडा, बालाघाट, गोंदियापासून लोक इथे येतात. आता याच विषयात रीतसर फेलोशिप करायची आहे, आणि तिथेच गाडी अडली आहे.

आपल्याकडे या विषयाचं मोठं दार भूलतज्ज्ञांसाठी आहे. बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा इथला न्यूरोअॅनेस्थेशिया आणि न्यूरोक्रिटिकल केअरचा तीन वर्षांचा डी.एम. (एम.डी.नंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) अॅनेस्थेशियातल्या एम.डी.-डी.एन.बी.लाच मिळतो. त्यांचंही चूक नाही, अर्धं शिक्षण ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच होतं. पण मला क्रेनिओटॉमीला (कवटी उघडून करायच्या ऑपरेशनला) भूल द्यायची नाहीये हो, मला ओटीतून बाहेर आल्यानंतरचा पेशंट सांभाळायचा आहे.

मेडिसिनवाल्याला डी.एम. क्रिटिकल केअर करता येतं, पण त्यात न्यूरो म्हणजे बाकीच्या दहा गोष्टींतली एक. डी.एम. न्यूरोलॉजी केलं तर मायग्रेन-पार्किन्सनची ओपीडीही आलीच. अमेरिकेत ही स्वतंत्र उपशाखा आहे, पण त्यासाठी आधी यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा आणि तिथली रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून. आई-बाबा इथे, बायकोची प्रॅक्टिस इथे. ते होणे नाही.

'न्यूरोसर्जन आहेत ना, मग तुला वेगळं शिकायची काय गरज?' असं आमचे एक सिनियर विचारतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. ईव्हीडी, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी लावलेला पेशंट. ते पाणी ज्यात पडतं त्या चेंबरची उंची कानाच्या रेषेवरून मोजून लावलेली असते. फीड द्यायला कोणी बेडचं डोकं वर केलं आणि चेंबर तिथेच राहिला, की पाणी भराभर खाली येतं. अॅन्युरिझम अजून बंद केलेला नसेल तर पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती. तेव्हा सर्जन दुसऱ्या केसला वॉश घेत असतात. बेडजवळ सिस्टर आणि मी.

दुसरं म्हणजे ईईजी, मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख. ऑपरेशन उत्तम, सीटी स्वच्छ, सोडियम ठीक, सिडेशन बंद, तरी पेशंट डोळे उघडत नाही. आतल्या आत फिट चालू असेल तर ती ईईजीशिवाय कळायची नाही. आणि टेक्निशियन येणार सकाळी दहाला! तोवर अंदाजाने लेव्हेटिरासिटॅम हे फिटचं औषध वाढवत बसायचं. मला हे मशीन स्वतः लावता, वाचता यायला हवं. ट्रान्सक्रेनियल डॉपलरचंही (कवटीवरून मेंदूतला रक्तप्रवाह तपासणाऱ्या सोनोग्राफीचंही) तेच. व्हॅसोस्पाझमची (रक्तवाहिन्या आकसण्याची) चाहूल रोज प्रोब धरूनच लागते, वर्कशॉपमध्ये दहा मिनिटं हातात घेऊन नाही.

तर विचारायचं असं, की मेडिसिनवाल्याला घेणारी, निदान वर्षभराची, पूर्णवेळ न्यूरो-आयसीयूतली फेलोशिप भारतात कोणी प्रत्यक्ष केली आहे का? जाहिरातीत 'न्यूरोक्रिटिकल केअर' लिहून प्रत्यक्षात जनरल आयसीयूच्या नाइट ड्युट्या भरून घेतात, असं दोन-तीन मित्रांकडून ऐकलंय. म्हणून तिथे राहून आलेल्यांचंच मत हवंय. आणि सर्टिफिकेटला एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) मान्यता नसेल तर परत आल्यावर हॉस्पिटलवाले त्याला काही किंमत देतात का? पुण्या-मुंबईतलं माहीत असेल तर तेही सांगा, पण नागपूर-रायपूरकडचा अनुभव असेल तर फारच बरं.

ईएनएलएस हा मेंदूच्या इमर्जन्सींचा छोटा कोर्स झालाय, त्यामुळे तो सुचवू नका. चांगला आहे, पण तो पहिल्या तासाचा. माझा प्रश्न पुढच्या दहा दिवसांचा आहे.

स्टायपेंड कमी असला तरी चालेल. नावं उघड लिहायची नसतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.