पश्चिमोत्तानासनात श्वास अडतो, काय करावं?

पहाटवेळ:
वय ५२. गेली ३ वर्षं रोज सकाळी ४० मिनिटं आसनं करते, घरीच, एकटी. सूर्यनमस्कारात लय छान बसली आहे. हात वर नेताना पूरक (श्वास घेणं), वाकताना रेचक (श्वास सोडणं), विचारही करावा लागत नाही. पण पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्यांकडे न्यायला लागले की श्वास गळ्याशीच अडतो. ४ आकडे घ्यायचा, ८ आकडे सोडायचा, असं मोजायला गेले तर जीव घाबरा होतो. परवा चक्क डोळ्यांत पाणी आलं. श्वासाचा नाद सोडून नुसती आसनं करावीत का?

मंदलय:
ताई, मोजणं सोडा, पण श्वासावरचं लक्ष सोडू नका.

पुढे वाकलं की पोट मांड्यांवर दाबलं जातं. श्वास घेताना श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) खाली सरकायला जागा लागते, तीच तिथे नसते. अशा वेळी पोट फुगवायचा हट्ट धरला की घुसमट ठरलेली. मीही हेच करत होते. मग शिकवणाऱ्या बाईंनी एकदा माझ्या पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हा हात श्वासाने ढकल." पाठीतही श्वास भरतो हे मला त्या दिवशी कळलं. पूरकात धड जरासं वर उचललं जातं, ते दाबून धरू नका. रेचकात आपसूक खाली येतं.

आणि ती घाबरगुंडी म्हणजे तुमचा कमकुवतपणा नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वास घ्यायला लावतो, ती ओढ असते. माझी खूण एकच: पुढचा पूरक हपापून घ्यावा लागला, तर आधीचा रेचक ताणला गेला. तेवढ्यावर मागे यायचं, आसनातूनही.

पातंजल योगसूत्रांत प्राणायामाची व्याख्याच 'तस्मिन् सति' अशी सुरू होते, म्हणजे आसन साधल्यावर. घेण्याच्या दुप्पट सोडण्याचं, १:२चं प्रमाण ताठ बसून करायच्या प्राणायामासाठी राखून ठेवा.

सतरंजी:
गुडघे थोडे वाकवा, बैठकीखाली घडी केलेलं ब्लँकेट घ्या. रक्तदाब असेल तर श्वास रोखून धरू नका. एरवी जिना चढतानाही असा दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

रेचक:
मोजणं वाईट नाही, मला त्यानेच झोप परत मिळाली. फक्त ताठ बसून, मिनिटाला साधारण ६ श्वास. मनगटावर बोटं ठेवून बघा, पूरकात नाडी किंचित जलद होते, रेचकात मंदावते. बऱ्याच जणांना ते बोटांना जाणवतं. मला ते पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

पहाटवेळ:
११ दिवसांनी लिहितेय. जिन्यावर दम लागत नाही, रक्तदाबही ठीक आहे. ब्लँकेट घेतलं, गुडघे वाकवले. कपाळ आता गुडघ्यांपासून वीतभर लांब राहतं, पण गळा मोकळा असतो. मंदलय, पाठीत श्वास खरंच भरतो हो! आधी ३ दिवस काहीच कळलं नाही, चौथ्या दिवशी कमरेच्या वर कापड ताणल्यासारखं झालं. पण उजवी बाजू डावीइतकी फुगत नाही. तुमचंही सुरुवातीला असं होत होतं का?